बारशाआधीची हाक

माझ्या मुलाचं नाव बारशाआधी तोंडातून काढायचं नाही, असा सासूबाईंचा हुकूम होता. पहिल्या खेपेला नाव आधीच ठरवून आम्ही पोटातल्या बाळाला हाका मारायचो, आणि सातव्या महिन्यात ते गेलं. "नावाचा काय संबंध हो आई?" मी एकदा फटकन विचारलं. त्या नुसत्या "नको म्हटलं ना" म्हणाल्या आणि आत गेल्या.

नवरा बोटीवर. बाळाचं नाव दोघांच्या मनात एकच, पण त्याला शेवट लांब हवा, इंग्रजीत दोन ए. मला आखूड, एकच ए. "लांबवलं की पेंगुळल्यासारखं वाटतं," मी लिहायची. "तोडलं की खेकसल्यासारखं," तो लिहायचा. सगळं भांडण फोनवर, लिहून. मी कसली घाबरते! पण मोठ्याने म्हणायला माझीही जीभ रेटत नव्हती.

मूल दिवस भरायच्या आधीच झालं. रत्नागिरीच्या इस्पितळात त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. तिकडे घरी खाडीवरच्या वाऱ्याने रिकामा पाळणा हलायला लागला, तशा सासूबाई धावल्या. रिकामा पाळणा हलू नये म्हणतात. बारशाला बाळाआधी पाळण्यात घालतात तो वरवंटा त्यांनी टोपडं चढवून आत निजवला, वर दुपटंही घातलं. मी आंघोळीला घरी गेले तेव्हा ते पाहिलं. "काढा तो मेला दगड!" मी ओरडले. त्यांनी काढला नाही.

बारशाचा दिवस तसाच गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी पेटीवरचं यंत्र किंचाळलं. बाळाचा श्वास थांबला होता. नर्स त्याच्या तळव्यांना टिचक्या मारत होती. "लवकर झालेल्या बाळांचं होतं असं," म्हणत होती, पण हात थांबवत नव्हती. मग मान वर न करताच मला म्हणाली, "आई, हाक मारा त्याला. नावाने मारा."

शेजारी उभ्या सासूबाईंनी माझं मनगट धरलं. "नको गो. नाव नको घेऊ." त्यांची नखं रुतली. बाळाचे ओठ जांभळे पडत चालले होते. मी हात हिसडला, पेटीच्या भोकाशी तोंड नेलं आणि हाक मारली. आखूड नावाने हाक मारताच येत नाही. ते लांबलं, नवऱ्याला हवं होतं तस्संच, आणि वॉर्डभर गेलं. मी मारतच राहिले. शेवटी त्याची छाती हलली आणि तो बारीक कुरकुरला.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. "मग? एक ए की दोन?"

"दोन," मी म्हटलं. "त्या नावाला ओ दिलीय त्याने."

सासूबाईंनी माझ्या हातातला फोन घेऊन बंद केला. "हळू बोल," त्या म्हणाल्या. "ओ त्याने दिली. पण नाव ऐकलं त्या एकट्यानेच कशावरून?"

उठून पुन्हा पेटीपाशी जाऊन उभी राहिले.