फाट्यापुरता मुराळी

लग्न झालेल्या लेकीला सणासाठी सासरहून माहेरी आणायला जो जातो, त्याला मुराळी म्हणतात. आमच्या घरात हे काम माझ्याकडे होतं. दर श्रावणात, पंचमीच्या दोन दिवस आधी, मी आदिलाबादहून उटनूरला जायचो आणि थोरल्या बहिणीला घेऊन बाजारहत्नूरजवळच्या आमच्या गावी यायचो. मध्ये इचोड्याला गाडी बदलावी लागते.

बाकीच्या घरांत मुराळी केव्हाच बंद झाले. बायका आपापल्या येतात. ताईची दृष्टी मात्र सव्विसाव्या वर्षी पूर्ण गेली. मी तेव्हा बावीसचा होतो. म्हणून माझं काम तीस वर्षं टिकलं.

गाडीत ती माझं कोपर धरून बसायची आणि म्हणायची, “बोल.” मग मी खिडकीबाहेरचं सांगायचो. कुठल्या शेतात कापूस आहे, कुठे सोयाबीन. कुणाच्या घरावर नवा स्लॅब पडला. जे गेलं तेही सांगायचो : इथे मोहाचं झाड होतं, आता चहाची टपरी आहे. एखादं विशेषण आलं की ती अडवायची. “छान-बिन सांगू नको. काय हाये ते सांग.” पुढे वर्तमानपत्रात लागल्यावर मला हेच शिकवलं गेलं. बातमीदारानं बातमीत दिसू नये, एवढीच गोष्ट तिथे नवी होती.

यंदा पंचमीच्या आधी तिचा फोन आला.

“न्यायले येऊ नको.”

“काऊन? भावजी नाई म्हणाले का?”

“त्यायले काय विचारायचं? मी एकटीच येऊन राह्यली.”

“इचोड्याले गाडी कोण बदलून देईन?”

“फोन देते. तुले किती तेलुगू वाचता येते, मले म्हाईत हाये. एकदा भलत्याच, निर्मल गावाले जाणाऱ्या गाडीत बसवलं होतं तू मले.”

ते खरं होतं. गाड्यांवरच्या पाट्या तेलुगूत असतात आणि आम्ही दोघं मराठी शाळेत शिकलेलो. डोळे होते तेव्हाही तिला पाटी वाचता येत नव्हती. आता हैदराबादला नोकरी करणाऱ्या तिच्या मुलीनं नवा फोन पाठवला होता. तो गळ्यात अडकवायचा. कॅमेऱ्यासमोर जे येईल ते त्यातली कृत्रिम बुद्धिमत्ता पाहते आणि मराठीत बोलून सांगते. तेलुगू पाटीसुद्धा.

मी उटनूरला जाऊन खात्री करून घेतली. बसस्थानकात तिला उभं केलं. आलेल्या आठ गाड्यांपैकी सात पाट्या फोननं बरोबर वाचल्या. आठवी चिखलानं झाकली होती. “पाटी दिसत नाही, वाहकाला विचारा,” असं तो म्हणाला. माझ्यापाशी काढायला चूक उरली नाही.

“लग्नानंतर एकदाबी मी एकटी माहेरी आली नाई,” ती म्हणाली. “पह्यले रीत होती म्हणून. मंग डोळे. एकदा येऊन पाह्यते म्हणते.”

“मी काय करू मंग?”

“फाट्यावर ये. फाट्यापासून गावापर्यंत चिखल हाये. तो काई फोन उपसत नाई.”

ठरलेल्या दिवशी मी अकरा वाजता फाट्यावर मोटारसायकल लावली. फाटा म्हणजे एक शेड आणि एक हापसा. साडेअकराची गाडी आली. दोन बायका आणि खताची पोती उतरली. ताई नव्हती. मी फोन लावला, तिनं उचलला नाही. पुन्हा लावला नाही. तिच्या कानात त्या क्षणी तो दुसरा आवाज असेल, तर माझ्या घंटीनं तो तुटला असता. इचोड्याला जाण्यासाठी दोनदा गाडी चालू केली आणि दोनदा बंद केली. मी गेलो असतो, तर ती एकटी आली असं राहिलं नसतं.

पुढची गाडी पाऊण तासानं आली. ताई उतरली. एका हातात पांढरी काठी, दुसऱ्यात पिशवी, कपाळावर घाम. गाडी निघून गेली. मी काही बोललो नाही. ती मला कशी शोधते ते मला पाहायचं होतं. गळ्यातल्या फोनसकट ती माझ्या दिशेनं वळली. आवाज मोठा ठेवला होता, त्यामुळे मलाही ऐकू आलं.

“समोर एक वयस्कर गृहस्थ मोटारसायकलजवळ उभे आहेत. केस पांढरे आहेत. हातात बंद छत्री आहे.”

ताईनं पदर सारखा केला.

“काका,” ती म्हणाली, “इथं कोणी मानूस येऊन थांबला होता का? माझा लहान भाऊ हाये.”

मी छत्री मोटारसायकलला अडकवली.

“ताई,” मी म्हणालो.

फोन बंद करून तिनं पिशवीत ठेवला.

“पह्यली गाडी भरली होती,” ती म्हणाली. “पाय ठेवाले जागा नाई म्हणे फोन. सोडून दिली.” मग : “केस कधी झाले पांढरे?”

“झाले दहा-बारा वर्षं.”

“तू सगळ्या रस्त्याचं सांगत होता. हे नाई सांगितलं.”

“तू विचारलं नाई.”

“तुले विचारा लागते का?”

ती मागे बसली. काठी दुमडून मांडीवर घेतली आणि सवयीनं माझं कोपर धरलं. चिखलातून गाडी निघाली.

“बोल,” ती म्हणाली.

“उजवीकडं कापूस. गुडघ्याएवढा. मधात पाणी साचलं.”

“कापूस फोनबी सांगते. तुझं सांग.”

मी कपाळापासून सुरुवात केली. कपाळावर तीन आडव्या रेषा. डाव्या भुवईत दोन पांढरे केस. चष्मा, जाड काचेचा.

“चष्मा कवापासून?”

तेही सांगितलं. ती मध्ये मध्ये विचारत होती आणि मी एकेक गोष्ट सांगत होतो, विशेषण न लावता. हनुवटीपर्यंत आलो तेव्हा गावची पाण्याची टाकी दिसू लागली. सांगायचं बरंच उरलं होतं. मी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली.