कोबीवरची अळी

काल फवारलेल्या कोबीच्या पानावर आज सकाळी एक हिरवी अळी निवांत भोकं पाडत बसली होती. दर खेपेला तेच औषध मारायचं आणि अळी मरेना झाली की पंपात आणखी एक टोपण ओतायचं, ही आमच्याकडची रीत.

“हिला आता काही होत नाही,” नवरा म्हणाला. “ज्या वाचल्या, त्यांचीच ही पोरं.”

मला त्या अळीचा हेवाच वाटला. सासूबाईंचं बोलणंही असंच टोपणाटोपणानं वाढत आलंय. मला मात्र ते अजून पहिल्या दिवसाइतकंच लागतं.

तेवढ्यात घराकडून त्यांचा आवाज चढला. माझ्या शेजारी उभी असलेली माझी लेक, तिला कुणी काही बोललंही नव्हतं, अंग चोरून माझ्या मागे सरकली.

त्या अळीच्या आईनं आपल्या पोरांना माझ्यापेक्षा जास्त दिलंय.