तिसऱ्या गिअरचा गचका

गाडी विकायला काढली तेव्हा मला वाटलं होतं, अडचण गिऱ्हाईक मिळण्याची असेल. खरी अडचण आमच्याच घराच्या पायरीवर बसलेली होती, डोक्याला पांढरी टोपी घालून.

अण्णा म्हणजे माझे वडील. साताऱ्याकडून तरुणपणी इकडे आले आणि तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात पाठीवर गोण्या वाहून त्यांनी आयुष्य काढलं. कोपरखैरण्यातलं आमचं घर माथाडी कामगारांसाठी बांधलेल्या घरांपैकी आहे. आई गेल्यापासून आम्ही दोघंच राहतो. मी लग्न केलं नाही, त्याची कारणं इथं नकोत. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली पहिली मी, आणि हे मला कुणी विचारलं नाही तरी मी सांगते.

रबाळ्याच्या एका कारखान्यात मी लॅबमध्ये केमिस्ट म्हणून लागले. सकाळी गेटवर हजेरीच्या रांगेत उभी असताना मोठ्या साहेबांची गाडी यायची. काळी, परदेशी बनावटीची, लांबच लांब. ती दिसली की वॉचमन स्टूल सोडून ताडकन उभा राहायचा आणि आम्ही सगळे भिंतीला चिकटायचो. काही वर्षांनी साहेबांनी नवी घेतली आणि जुनी काढायची ठरवली. तोवर मी लॅबची इनचार्ज झाले होते. मी म्हटलं, मी घेते. साहेब हसले. मी हसले नाही. पहिल्या दिवशी ती चालवत गेटवर गेले तर वॉचमन सवयीनं उभा राहिला. आत मी आहे हे दिसल्यावरही तो खाली बसला नाही. त्या एका गोष्टीसाठी मी ती गाडी पुढची सात वर्षं सांभाळली. हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

लाज वाटायची ती मागच्या काचेची. गाडी घरी आली त्याच आठवड्यात अण्णांनी मला न विचारता रेडियमवाल्याकडून काचेवर गावच्या देवाचं नाव लिहून आणलं, आणि त्याखाली त्याहून मोठ्या अक्षरात ‘बी.एस्सी. (केमिस्ट्री) फर्स्ट क्लास’. मी डोक्याला हात लावला.

‘‘अण्णा, हे काय आहे?’’

‘‘खरं हाय तेच लिहिलंय.’’

आता गाडीला पंधरा वर्षं होत आली होती. पुन्हा पासिंग करायचं तर आधी तिची सगळी दुखणी निस्तरावी लागणार, नाहीतर त्याआधी विकून मोकळं व्हायचं. आणि दुखणी काय कमी होती? मागची उजवी बाजू रात्रीत खाली बसायची. सकाळी चालू केली की दोन मिनिटं कण्हत उंटासारखी उठायची. वरची सरकती काच एकदा उघडली की बंद करायला दोन माणसं लागायची, म्हणून पावसाळाभर तिच्यावर ताडपत्री. एसीची हवा फक्त चालवणाऱ्याच्या पायाला. आणि दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरला जाताना असा गचका, की मागे बसलेल्या माणसाची कवळी हलावी. मेकॅनिकचं एकच पालुपद, ‘‘मॅडम, पार्ट बाहेरनं मागवावा लागेल.’’ बाहेरनं म्हणजे कुठनं, हे त्यानं कधी सांगितलं नाही.

त्यात आमची गल्ली. गाडीचं तोंड आमच्या दारात आणि शेपूट शेजारच्या काकूंच्या. काकू तिच्या डिकीवर कुरडया वाळत घालायच्या. मी बोलले तर म्हणाल्या, ‘‘काळ्यावर लवकर वाळतात गं. आणि उभीच तर असते, जाते कुठं?’’ दुसऱ्या दिवशी कुरडया टपापर्यंत आल्या.

तरी मी दोन वर्षं टाळलं. विकली की गल्ली म्हणणार, उतरली बाई. आणि अण्णा! दर रविवारी ते बादली घेऊन तिला धुवायचे, जुन्या धोतरानं पुसायचे आणि मग मागच्या सीटवर अर्धा तास बसायचे. मला वाटायचं, यांचा जीव आहे गाडीत. शेवटी पासिंगची तारीख अंगावर आली तेव्हा मनाचा हिय्या करून विकायचं ठरवलं. अण्णा नुसते ‘‘बरं’’ म्हणाले. मला वाटलं, संपलं.

पहिलं गिऱ्हाईक महाप्याच्या आयटी पार्कमधला एक तरुण इंजिनिअर. मी त्याला सेक्टरातल्या सेक्टरात एक चक्कर मारून आणली. आमच्याकडे दर पन्नास पावलांवर स्पीडब्रेकर, तिथं तिसरा गिअर पडायचा प्रश्नच नव्हता. हे मी मुद्दाम केलं होतं. तो खूश होऊन उतरला. तेवढ्यात पायरीवरून आवाज आला.

‘‘साहेब, हितं काय कळतंय? ठाणे-बेलापूर रोडला न्या. तिथं गचका देतीया.’’

‘‘अण्णा!’’

‘‘आन् उद्या सकाळी सातला या. चालू करायच्या आदी बघा, कशी बसलेली असती.’’

इंजिनिअर सभ्य होता. विचार करून कळवतो म्हणाला. अजून विचारच करतोय.

दुसरा जुन्या गाड्यांचा दलाल. अण्णांनी त्याला वरची काच उघडून दाखवली आणि मग बंद करायला त्यालाच हाताशी घेतलं. घामाघूम झाला बिचारा. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘‘मॅडम, पुढच्या टायमाला बाबांना गावाला पाठवा, मग फोन करा.’’

त्या दिवशी मी भडकले. ‘‘अण्णा, विकू द्यायची नसेल तर तसं सरळ सांगा. ही नाटकं कशाला?’’

‘‘कुणाला विकू द्यायची न्हाय?’’

‘‘तुम्हाला! जीव अडकलाय ना तुमचा त्या डब्यात?’’

ते माझ्याकडे बघतच राहिले. ‘‘मला कशाला पायजे ती? आत बसलं की खड्ड्यात बसल्यावानी वाटतंय. उठताना गुडघं वरडत्यात.’’

‘‘मग दर रविवारी धुता कशाला?’’

‘‘तुझी हाय म्हणून. धुवून दमतो, म्हणून बसतो. उठायला उशीर लागतोय, त्याला मी काय करू?’’

तरी मी सोडलं नाही. ‘‘मग गिऱ्हाइकाला सगळं सांगत का सुटता? दुनियेत कुणी सांगतं का असं?’’

मग अण्णांनी मला जे सांगितलं ते मी इतक्या वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. मार्केटात काही व्यापारी गोणीच्या तोंडाशी निवडक बटाटा लावायचे, बुडाला सडका. गिऱ्हाईक माल गाडीत भरून घेऊन जायचं, घरी जाऊन गोणी ओतायचं आणि दुसऱ्या दिवशी शिव्या घालत परत आणायचं. व्यापारी हात जोडून गोड बोलायचा.

‘‘आन् ती गोणी टेम्पोतनं खाली कोण घ्यायचं? मी. परत गाळ्यात कोण न्यायचं? मीच. सडक्याचं पाणी मानंवरनं पाठीत उतरायचं. आंघोळ केली तरी वास जायचा न्हाय, तुझी आई हातरूण लांब घालायची.’’ ते पायरीवरून उठायला लागले. ‘‘माल परत आलेला मला आवडत न्हाय, पोरी. हितं तर गिऱ्हाईक तुझ्या दारात येऊन तुझ्या नावानं वरडंल. त्यापरीस आदी बघून घेऊ दे.’’

मी आत निघून गेले. ज्याचं म्हणणं बरोबर आहे त्या माणसाशी भांडण्यासारखा वैताग नाही.

तिसरा आला घणसोली गावातला. अंगात पांढरा शर्ट, गळ्यात जाड साखळी, बोलणं मोकळं. लग्नाला गाड्या भाड्यानं देण्याचा त्याचा धंदा होता. या वेळी मीच म्हटलं, ‘‘अण्णा, तुम्हीच दाखवा,’’ आणि दोघांना घेऊन सरळ ठाणे-बेलापूर रोडला गाडी घातली. तिसरा गिअर पडला. गचका बसला. मागून अण्णा म्हणाले, ‘‘बघितलंत?’’

तो मोठ्यानं हसला. ‘‘बाबा, वरातीला तिसरा गिअर कोनाला लागतो? पब्लिक फुडं नाचतेय, गाडी पायी चालल्यासारखी चालते.’’

‘‘वरची काच बंद हुत न्हाय.’’

‘‘बंद कोनाला करायचीय? नवरा वर उभा ऱ्हातो तिच्यातून.’’

‘‘एसी न्हाय.’’

‘‘नवरा बाहेर, त्याला वारा. नवरीला हातात पंखा देऊ.’’

‘‘रातभर उभी केली की खाली बसती.’’

‘‘मांडवाच्या दारात बसली तर फोटोला बरी दिसते!’’

अण्णांच्या तोंडावर पहिल्यांदाच समाधान दिसलं. त्यांनी सगळी गोणी ओतून दाखवली होती आणि समोरचा सडक्यासकट ती उचलायला तयार होता. गाडी मी दारात आणून उभी केली. त्यानं भाव सांगितला, वाजवी होता. आता फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. आणि मी तोंड उघडून म्हटलं, ‘‘बॅटरीपण जुनी आहे.’’

‘‘बदलू.’’

‘‘पेट्रोल फार खाते.’’

‘‘मना माहीत हाय.’’

‘‘डाव्या बाजूच्या दाराचं रबर गेलंय. आणि मध्ये एकदा कारखान्याच्या गेटवर बंद पडली होती.’’

मागून अण्णा म्हणाले, ‘‘कदी?’’

‘‘पडली होती.’’

‘‘अगं पण कदी? मला कसं म्हाईत न्हाय?’’

‘‘तुम्हाला सगळंच माहीत असायला पाहिजे का?’’

ती कधीच बंद पडली नव्हती. घणसोलीवाला एकदा माझ्याकडे, एकदा अण्णांकडे बघत होता. ‘‘बाय,’’ तो शेवटी म्हणाला, ‘‘तुमाला इकायची हाय का नाय?’’

दोन महिने मी अण्णांच्या नावानं बोटं मोडत होते, आणि गाडीला घट्ट धरून बसलेली मी होते. डोळ्यांसमोर तो वॉचमन उभा राहत होता. खरं तर त्याची नोकरी सुटून तीन वर्षं झाली होती. नव्या पोऱ्याला साहेबांची गाडी ठाऊक नव्हती. तो मोबाइल बघत हातानंच ‘जा आत’ म्हणायचा.

तेवढ्यात अण्णा उतरायला लागले. एक पाय बाहेर टाकला. दोन्ही हातांनी दार धरलं. थांबले. श्वास घेतला. मग दुसरा पाय हातानं उचलून बाहेर ठेवला, पुन्हा थांबले, आणि ओठ आवळून एकदाचे उभे राहिले. सात वर्षं दर रविवारी मी हे खिडकीतून बघत होते आणि मनात म्हणत होते, कसे ऐटीत सावकाश उतरतात. बी.एस्सी. फर्स्ट क्लास.

मी किल्ली त्या माणसाच्या हातावर ठेवली.

‘‘काचेवरचं मी काढून देते,’’ मी म्हटलं. थिनर आणि पातं घेऊन मी आलेसुद्धा.

‘‘देवाचं नाव काडा, तिथं आमच्या गावदेवीचं येल,’’ तो म्हणाला. ‘‘खालचं ऱ्हाऊ द्या. शिकलेली गाडी वाटते.’’

अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘‘ऱ्हाऊ दे म्हणतोय तर ऱ्हाऊ दे.’’

नंतर मी एक छोटी, उंच सीटची गाडी घेतली. गेटवर तिच्यासाठी कुणी मान वर करत नाही. काकूंना टप लहान पडतो, त्याची तक्रार त्या अजून करतात.

पुढच्या लग्नसराईत एका संध्याकाळी अण्णांना गुडघ्याच्या डॉक्टरांकडे नेत होते. आधीच उशीर, आणि घणसोलीच्या रस्त्यावर पुढे वरात. बेंजोवाले, नाचणारी पोरं, फेटा बांधून गाडीच्या टपातून वर आलेला नवरदेव, आणि माझ्या डोळ्यांसमोर, एका हाराखाली, बी.एस्सी. (केमिस्ट्री) फर्स्ट क्लास. माझ्याच डिग्रीच्या मागे मी वीस मिनिटं अडकून पडले होते. मी हॉर्नवर हात दाबून धरला.

‘‘नको वाजवू,’’ अण्णा म्हणाले. ‘‘लगीन हाय कुणाचं तरी.’’

चौकात बेंजोवाले बाजूला झाले, नाचणारे टेम्पोत चढले आणि हॉल गाठायच्या घाईत ड्रायव्हरनं गाडी दामटली. पहिला. दुसरा. अण्णा पुढे झुकून बघत होते, मीही. नवरदेवाचा फेटा एकदम मागे गेला, हात हवेत उडाले आणि तो आत गडप झाला.

अण्णा सीटला टेकले.

‘‘सांगितलं हुतं मी त्याला.’’