टिकल्यांचा अलार्म आणि एसीचा रिमोट

दोष साळवीकाकांचा. किस्से सांगणारा शेवटी "चूक कोणाची ते जाऊ दे" म्हणतो, तसलं माझ्याकडे नाही. आमच्या वर्कशॉपमध्ये किस्से वाळूसारखे साठतात. आज झाडा, उद्या परत हजर! आणि झाडणार कोण? हेल्पर. म्हणजे मी.

*

ओमानात, मस्कतजवळ अल खौदच्या पुढे एक शूटिंग क्लब आहे. तिथे आम्ही वापरलेली काडतुसं पुन्हा भरतो. काडतुसाच्या बुडाला प्रायमर लागतो. दिवाळीतल्या टिकलीचा थोरला भाऊ समजा. या टिकल्या मशीनच्या नळीत एकावर एक उभ्या असतात. नळी संपली आणि लक्ष नसलं, की मशीन बिनटिकलीची काडतुसं काढत बसतं.

मशीनवर साळवीकाका. संगमेश्वरचे. म्हणायचे, "नळी संपली की मला हाताला कळतं रे!"

एकदा काडतुसांच्या बुडातल्या रिकाम्या भोकांतून बंदुकीची दारू सांडून टेबल काळं झालं.

"काका, टिकल्या संपल्यात."

"धूळ आहे ती. ओमान आहे हे!"

*

म्हणून मी अलार्म केला. टिकल्यांवर एक बारीक काडी ठेवली. टिकल्या कमी झाल्या की काडी खाली येऊन स्विच दाबते, बझर वाजतो. स्विच रुवीच्या बाजारातून आणला, बझर पँट्रीतल्या मेलेल्या मायक्रोवेव्हचा काढला.

काका म्हणाले, "इंजिनिअरिंग सोडून पळालेला मला शिकवणार?"

"मी सोडलं तरी. तुम्ही धरलं होतं कधी?"

आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. फार शांततेत गेला तो आठवडा.

*

पहिल्यांदा बझर वाजला तेव्हा काका उठून पँट्रीत गेले, नवा मायक्रोवेव्ह उघडून परत आले.

"रिकामाच आहे!"

"काका, नळी रिकामी आहे. नळी!"

*

अर्बाबला, म्हणजे आमच्या ओमानी मालकाला, मात्र अलार्म भयंकर आवडला. नुसता आवाज ऐकायला त्याने पुन्हा पुन्हा नळी रिकामी करायला लावली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "टेक्निशियन! इन्शाल्ला!"

म्हणजे नव्या व्हिसावर हेल्पर जाऊन टेक्निशियन येणार. झाडू सुटणार, मशीन मिळणार. मी घरी आईला फोनही करून टाकला.

काका म्हणाले, "इन्शाल्ला म्हणालाय तो. माझ्या प्रमोशनलाही म्हणाला होता. तेव्हा मला केस होते."

*

वर्कशॉपमधले सेल चोरीला जातात. घड्याळातले, टॉर्चमधले, सगळे. म्हणून अलार्मच्या दोन्ही सेलांवर मी लाल मार्करने फुल्या मारून ठेवल्या होत्या.

काका हसले. "सेलांना कुंकू लावतोय!"

*

मग क्लबची मॅच. पाहुणे आले, अर्बाबचे मोठे भाऊ नेम धरून उभे राहिले. चाप ओढला.

टक.

पुन्हा ओढला. टक. पुढच्या खुर्चीवरचं एक पोरगं खदखदून हसलं.

ऑफिसात आम्हा तिघांना उभं केलं: मी, काका, आणि भाषांतराला स्टोअरवाले इब्राहिमभाई. रत्नागिरीचे, अरबी फाडफाड, रुवीत काकांचे रूम पार्टनर.

काका म्हणाले, "अलार्म वाजलाच नाही! त्याच्या भरवशावर बसलो ना आम्ही!" इब्राहिमभाईंनी ते शब्दन् शब्द अरबीत सांगितलं.

मग काकांनी घाम पुसला, खिशातून वर्कशॉपमधला रिमोट काढला आणि अर्बाबच्या एसीवर रोखला. एसी गार हवा सोडू लागला. त्या रिमोटचं मागचं झाकण कधीच हरवलेलं आहे. आतले दोन्ही सेल दिसत होते. दोन्हींवर लाल फुल्या.

मी ओरडलो. राग आला की मला फक्त मराठी येतं. सेल, फुल्या, धूळ, मायक्रोवेव्ह, हाताला कळतं, सगळं काढलं. काकांची अक्कलही काढली. दम लागेपर्यंत बोललो.

अर्बाबने इब्राहिमभाईंकडे पाहिलं. इब्राहिमभाईंनी काकांकडे पाहिलं. मग अर्बाबकडे वळून एकच शब्द बोलले.

"आसिफ."

मला अरबी येत नाही. पण आसिफ म्हणजे सॉरी, एवढं येतं.

अर्बाबने मान हलवली. "खलास."

नवा व्हिसा आला. त्यावर हेल्पर लिहिलंय.