काठ आणि तळ

जवळा बाजारच्या अलीकडे, कापसाच्या रानांत वसलेलं एक लहान गाव. तिथल्या विश्वंभर शेतकऱ्याची लेक साधना ओळखली जाई ती विहिरींमुळे. दर सोमवारी ती गाठी मारलेला दोर दोन विहिरींत सोडी. एक गावविहीर, दुसरी त्यांच्या मळ्यातली. दोन्ही आठ परस खोल. परस म्हणजे उभ्या माणसानं हात वर केल्यावर होते तेवढी उंची. किती परस पाणी उरलं, ते ती मोबाइलवर लिहून ठेवी.

पायथन ही संगणकाची भाषा तिला कुणी शिकवली नव्हती. व्हिडिओ बघत, जुन्या लॅपटॉपवर चुकत चुकत ती शिकली आणि आकड्यांच्या रेघा काढू लागली. चैत्रात तिनं गावविहिरीची रेघ घरात दाखवली. वरच्या कोपऱ्यातून निघून ती थेट खालच्या कोपऱ्यात कोसळली होती.

"हे लखमाच्या मेंढरांचं काम," विश्वंभर म्हणाले.

रेघ देखणी उतरली होती. साधना त्याच आनंदात गप्प राहिली.

आता तीच रेघ प्रोजेक्टरमधून शाळेच्या भिंतीवर पडली होती आणि समोर ग्रामसभा भरली होती.

"पाणी तळाला चाललं," विश्वंभर बोलत होते. "मेंढरांना गावविहीर बंद करा."

मेंढपाळ लखमा दाराशी उभा होता. "मालक, माझी मेंढरं काठावरच्या दगडी डोणीत पितात. विहिरीत उतरत न्हाईत."

"मेंढरं न्हाई, पण रेघ उतरून राहिली ना!" मागून कुणीतरी टोमणा मारला. हशा पिकला.

लखमाची बायको जनकाबाई हसली नाही. "वैशाखाच्या तोंडावर जनावरं घेऊन कुठं जावं आमी? दुसरं पाणी दाखवा, उद्याच जातो."

सरपंच मिराबाई सभेकडे वळल्या. "बंद करायचं म्हणणाऱ्यांनी हात वर करा."

साधनाची नजर रेघेच्या डाव्या कडेला गेली आणि तिनं तिथले आकडे वाचले. कडेला वर लिहिलं होतं पाच, खाली साडेचार. मशीननं रेघ जेवढ्यात मावते तेवढीच पट्टी घेतली होती आणि ती भिंतभर ताणली होती. पाणी उतरलं होतं ते अवघं अर्धा परस. भिंतीवर मात्र दरी पडली होती.

हात वर येत होते.

"थांबा, आक्का!" साधना उठून सरपंचांना म्हणाली.

"साधे, खाली बस," विश्वंभर म्हणाले.

ती बसली नाही. तिनं लॅपटॉपवर पट्टीच्या मर्यादा स्वतः बांधून दिल्या, तळाला शून्य, काठाला आठ. रेघ नव्यानं उमटली. भिंतीच्या मधोमध, जवळजवळ आडवी.

"बापाच्या विरोधात जादू करून राहिली काय गं?" मागून कुणीतरी ओरडलं.

"जादू न्हाई. विहिरीचा काठ अन् तळ मी दाखवलाच नव्हता. चूक माझी हाय. पाण्याला काही झालं न्हाई."

मिराबाईंनी भिंतीकडे बोट केलं. "मग तुमच्या मळ्यातली? ती बी याच काठा-तळात दाखव."

साधनानं वडिलांकडे पाहिलं. मळ्यात उन्हाळी भुईमूग उभा होता आणि मोटार दिवसभर चाले, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मळ्याच्या विहिरीची रेघही आजवर तशीच दिसे, कोपऱ्यातून कोपऱ्यात. दोघी जुळ्या बहिणी. म्हणून मळ्याच्या विहिरीचं वेगळं भय तिला कधी वाटलं नाही.

"काहून थांबली?" विश्वंभर म्हणाले. "दाखव."

तिनं दाखवली. सहा परसांवरून निघालेली रेघ एकाच्या खाली जाऊन टेकली.

वर गेलेले हात एकेक करून खाली आले. विश्वंभर उठले, कुणाकडे न बघता बाहेर पडले.

सोमवारी साधना दोर घ्यायला गेली, तर खुंटी रिकामी होती.

मळ्याच्या विहिरीवर विश्वंभर वाकून उभे होते. मोटार बंद होती. ते भिजलेल्या गाठी चाचपत होते.

"किती, बाबा?" तिनं भीत भीत विचारलं.

त्यांनी शेवटची भिजलेली गाठ धरून दाखवली.

"अर्धा परस बी न्हाई," ते म्हणाले. "लिही."