कल्ले दाखव

गुलाबकाकीचा अंगठा पहिल्यांदा माझ्या तोंडात गेला, तेव्हा त्याला बांगड्याचं रक्त लागलेलं होतं. मालवणच्या किनाऱ्यावर तिच्या मासळीच्या फळीशी बसून मी मासे साफ करत होते. जांभई आली, कानाजवळ कटकन वाजलं आणि मी गाल धरून वाकले. काकीने केस धरून माझं डोकं मागे खेचलं, अंगठा खालच्या दातांवर रोवला आणि दुसऱ्या हाताने कानापुढे दाबलं.

"उघड! आणखी उघड, नायतर कोयतीन उघडतंय."

मी किंचाळले.

"ही दाढ न्हय गो. हय हाड मोडलाहा. कोणी मारल्यान?"

"पडले मी."

"आवशीक खाव! पडल्यार गुडघो फुटता, कानशील नाय."

तिची ही सवय सगळ्या किनाऱ्याला माहीत होती. लिलावात बोली लावण्याआधी ती माशाचा कल्ला अंगठ्याने उचलायची. आत लाल असेल तर ठीक, नाहीतर पाटी लाथेने उलटी. माणसांनाही तोच न्याय. कोणी थाप मारतोय असं वाटलं की म्हणायची, "कल्ले दाखव आधी, मगे बोल." शिळी सुरमई ताजी म्हणून गळ्यात मारणाऱ्या एका दलालाच्या तोंडावर तिने तीच सुरमई हाणली होती. त्याचा ओठ फाटला.

मी परभणीकडची. सहावीत शाळा सुटली. नवरा बोटीवर खलाशी म्हणून आला, त्याच्यामागे मी. दोन वर्षं जबडा दुखत होता. भाकरीचा तुकडाही चावता येईना. दातांच्या दोन डॉक्टरांकडे गेले आणि दोन्हीकडे 'दाढ दुखते' एवढंच सांगितलं. मार लागला होता का, असं दोघांनीही विचारलं. मी नाही म्हणाले. दोन दाढा गेल्या, दुखणं तिथंच. कानाच्या डॉक्टरांनी कान चांगला आहे म्हणून परत पाठवलं. त्यांची काय चूक? खरं बोलले तर घरी उरलेला जबडाही शाबूत राहणार नाही, ही माझी धास्ती.

काकीने मग गिऱ्हाइकांनाच धरून डॉक्टर विचारायला सुरुवात केली. मासे घ्यायला येणाऱ्या एका नर्सताईंनी सांगितलं, "दातांचे वेगळे आणि जबड्याच्या हाडांचे सर्जन वेगळे. कुडाळला महिन्यातून एकदा येतात." ते येणार त्या दिवशी काकी मला घेऊन फळीवरून उठली ती थेट एसटीत. दवाखान्यात ती एकदम शुद्ध बोलायला लागली, "मॅडम, आमच्या मुलीला दाखवायचे आहे. आम्ही बसून राहणार आहोत." पिशवीतून कोयतीची मूठ बाहेर डोकावत होती. आमचा नंबर लवकर लागला.

"मार कधी लागला?" डॉक्टरांनी बोटाने सांधा चाचपत विचारलं. मी खाली बघितलं. काकीने मांडीला असा चिमटा काढला की आठवडाभर निळं होतं.

"मी सांगूचंय नाय. जबडो तुजो. कल्ले तूच दाखव."

"नवऱ्यानं," मी म्हणाले. "वरवंट्यानं. बहिणीशी फोनवर मोठ्यानं हसले म्हणून."

स्कॅनमध्ये दिसलं. कानापुढचा सांधा मोडून वाकडाच जुळला होता. ऑपरेशन ठरलं आणि कागदावर कारण लिहिलं गेलं, मारहाण.

तो कागद नवऱ्याच्या हाती लागला. भर बाजारात त्याने मला केसांनी ओढलं, डोकं पाटीवर आपटलं. पुन्हा मारण्यासाठी वाकला तेव्हा त्याचा डावा हात फळीवर टेकला होता. काकीची कोयती त्याच्या बोटांपासून करंगळीभर अंतरावर लाकडात घुसली.

"फुडच्या वेळाक फळी चुकतली," ती म्हणाली. एवढ्या हळू आवाजात बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. आजूबाजूच्या बायकाही कोयत्या घेऊन उठल्या होत्या. तो गेला. उत्तरेकडच्या कुठल्याशा बोटीवर चढला म्हणतात. पण अजूनही तशा चालीचा माणूस दिसला की माझा हात गालावर जातो.

ऑपरेशननंतर दातांमध्ये लाकडी पट्ट्या घालून तोंड उघडायचा व्यायाम होता. काकी पेज भरवायची आणि समोर दरोडेखोरासारखी बसायची.

"आज सात झाल्यो. आठवी घाल."

"दुखतं, काकी."

"दुखांदे. रडाचा आसात तर तोंड उघडून रड. दोन कामां होतली."

यंदा शिमग्यानंतर ती लिलावातच कोसळली. अंगठा सुरमईच्या कल्ल्यात होता. घरी आणलं तेव्हा बायका ऊर बडवत होत्या. मी जुन्या सवयीने दात घट्ट मिटून दारात उभी राहिले. मग तिचा हात दिसला. अंगठ्याच्या नखात रक्त सुकलं होतं.

मी तोंड उघडलं. आठ पट्ट्या मावतील एवढं उघडलं आणि ओरडून रडले. कानाजवळ काही वाजलं नाही.