टिटवीची उजवी कडी

कोथरूडहून निघालो तेव्हा नुकतं उजाडत होतं, आणि नाशिक फाट्याला पोचेपर्यंत आमचं पहिलं भांडण उरकलं होतं. कारण नेहमीचंच. मी म्हणाले, "सुधीर, आपण गॅस बंद केला होता ना?"

मी संशयी बाई आहे. कुलूप ओढून बघते, नळ दोनदा पिळते. माझ्या नवऱ्याला याची सवय आहे, पण त्या दिवशी जीपच्या मागे ट्रेलर होता आणि ट्रेलरवर टिटवी होती. टिटवी म्हणजे मुंबईच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडून घेतलेली आमची छोटी शिडाची होडी. सुधीरने पावसाळाभर पार्किंगमध्ये तिच्या भेगा बुजवल्या होत्या, घासून रंग दिला होता, नवे दोर ओवले होते. आज डिंभे धरणात ती पहिल्यांदा पाण्यात जायची होती. एवढं लटांबर भर रस्त्यात वळवणं म्हणजे खायचं काम नव्हे. तरी वळवलं, घरी गेलो. गॅस बंद होता. सुधीर एक अक्षर बोलला नाही. तो बोलत नाही तेव्हाच खरा चिडलेला असतो.

खेडचा घाट चढून पेठ गावात चहाला थांबलो. आडव्या बांधलेल्या डोलकाठीच्या टोकाला लाल फडकं होतं. ते बघून बाकावरचे एक आजोबा म्हणाले, "पावणं, वरात तर झ्याक सजवलीया. न्हवरी कुठाय?"

"वरात नाही हो, होडी आहे. धरणावर चाललोय," मी म्हणाले.

"धरणावर? तितं काय हाय? नुस्तं पाणीच की!"

मी हसले, पण लक्ष ट्रेलरच्या उजव्या चाकाकडे होतं. हात लावला तर गरम लागलं. "हे चाक तापलंय," मी म्हणाले. सुधीरने चहा ठेवला, गुडघ्यावर बसून दोन्ही चाकं चाचपली आणि उठला.

"सकाळपासून ऊन त्याच बाजूनं आहे, बाई. आता आणखी एकदा 'मला वाटतं' म्हणालीस, तर मंचरच्या स्टँडवर पुण्याच्या गाडीत बसवून देईन."

मंचरला डावीकडे वळलो. घोडेगाव मागे पडलं तशी उसाची शेतं संपली आणि कापून झालेली भाताची खाचरं लागली. धरणाच्या पुढे बरंच आत गेल्यावर फुगवट्याचं पाणी एकदम समोर आलं, निळं आणि भरपूर. सुधीर चिडलाय हे मी क्षणभर विसरले.

काठची जमीन बबनरावांची. त्यांचा धाकटा भाऊ दत्तू सुधीरच्या हपीसात शिपाई होता आणि आमच्यासाठी मुद्दाम गावी येऊन थांबला होता. बबनरावांनी पाण्याकडे हात केला. "आमचं जुनं घर त्या तितं खाली व्हतं. समदं धरणाच्या बुडितात गेलं. आता तुमी त्याच्यावरनं होडी चालवा."

काठाला चिखल होता. म्हणून सुधीरने वर, रस्त्यालगतच्या सपाट जागी डोलकाठी उभी केली. ही डोलकाठी ॲल्युमिनियमची, घरापेक्षा उंच. तिला तीन पोलादी तारांचा ताण असतो, एक पुढे आणि दोन बाजूंना. प्रत्येक तार होडीला एका खिळीने अडकवलेली, आणि खिळी निसटू नये म्हणून तिच्या भोकात एक बारीक कडी, किल्ल्यांच्या कडीची धाकटी बहीण. शीड फाटू नये म्हणून वरून काळी चिकटपट्टी.

आता पाण्यापर्यंत उतार होता, आणि उतारावरून विजेच्या तारा गेल्या होत्या. बबनरावांच्या पाण्याच्या मोटारीच्या. उघड्या तारा, वाकड्या लाकडी खांबांवर, मधे झोळीसारख्या लोंबलेल्या.

"ह्या तारा?" मी विचारलं.

"लाईट न्हाई ना ताई," बबनराव म्हणाले. "लोडशेडिंग हाय. दिवस कलल्याबिगर येत न्हाई. मोटार आटोवर टाकलीया, लाईट आली की आपसूक चालू हुती, वरच्या हौदात पाणी पडलं की समजायचं आली."

"मी वाळका बांबू घेतो, तारा वर उचलतो. खालनं निघंल होडी," दत्तू म्हणाला.

"पण नक्की नाही ना येणार?"

"नाही!" दोघं भाऊ आणि माझा नवरा, तिघंही एकदम म्हणाले. सुधीर पुढे म्हणाला, "वारा उतरायच्या आत पाण्यात जायचंय मला."

सकाळपासून मी दोनदा तोंडावर पडले होते. तिसऱ्यांदा बोलायची लाज वाटली आणि मी गप्प बसले. बबनराव आणि मदतीला आलेला त्यांचा चुलता ट्रेलर रेटू लागले. पुढची पोलादी तार अजून खिळीला अडकवली नव्हती, ती सुधीरने मुठीत घट्ट धरली. दत्तू बांबू वर करून तारांखाली उभा. डोलकाठीचं टोक हळूहळू तारांकडे सरकत होतं, आणि माझी नजर ते सोडून ज्यावर मला बोलता येईल असं काहीतरी शोधत होती.

तेवढ्यात दिसलं. डाव्या खिळीची कडी चिकटपट्टीबाहेर चमकत होती. उजव्या खिळीपाशी कडी दिसत नव्हती.

"थांबा! उजवी कडी नाहीये!"

"आहे. मी स्वतः घातलीय."

"मग दाखव."

"कशी दाखवू? हातात ताण आहे माझ्या! हात सोडला तर काठी डोक्यावर येईल." त्याच्या कपाळाची शीर उडत होती. "खाली पाण्यापाशी गेल्यावर बघू."

"खिळी निसटली तर तिथवर कोण जाणार? आधी काठी उतरवा." मी एक धोंडा उचलून चाकापुढे टाकला आणि त्यावर पाय ठेवून उभी राहिले. चार पुरुष माझ्याकडे बघत होते. टोक विजेच्या तारेपासून वीतभर असेल.

"सायेब, उतरवा," शेवटी बबनराव म्हणाले. "ताई काय ऐकत न्हाईत."

ट्रेलर मागे ओढला. सुधीर दात-ओठ खात पुढची तार सैल करत गेला, दत्तूने बांबू टाकून मागून काठी खांद्यावर झेलली. ती आडवी झाली न झाली तोच वरच्या हौदाकडून बबनरावांच्या मालकिणीचा आवाज आला. तिथे ती भांडी घासत होती.

"आवं, लाईट आली वंऽऽ!"

हौदावरचा पाइप खोकला, फसफसला आणि त्यातून पाण्याचा लोट सुटला. खाली काठाशी मोटार घुमत होती.

सुधीर स्वतःच्या मुठीकडे बघत होता. तिच्यात अजून ती पोलादी तार होती. दत्तू मटकन खाली बसला. बबनराव दत्तूजवळ गेले, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

"काय झालं? गप का झाला समदी?" मालकीण वरून विचारत होती. मला रडू फुटलं आणि मी ते लपवलं नाही.

पुढे सगळं हळूच केलं. काठी आडवी ठेवूनच ट्रेलर तारांखालून नेला, चिखलात फळ्या टाकून काठी काठावर उभी केली. सुधीरने उजव्या खिळीला पट्टीवरूनच बांधायची तार पिळून टाकली, एकदा, मग पुन्हा एकदा. टिटवी पाण्यावर छान चालली. पण आम्ही थोड्याच वेळात परत फिरलो.

दुपारी मालकिणीने तांदळाची भाकरी आणि धरणातल्या माशांचं कालवण वाढलं. लई तिखट होतं, आणि कधी नव्हे ते मी दोनदा मागून घेतलं. निघताना बबनराव जीपच्या खिडकीशी आले.

"ताई, ती कडी गावली का?"

"नाही."

"ऱ्हाऊ द्या. न्हाई गावली तेच बरं."

घरी पार्किंगमध्ये सुधीर तारा सोडवायला बसला. उजव्या खिळीवरची पट्टी त्याने उलगडली. आत कडी होती. जागच्या जागी, नीट बसवलेली, फक्त पट्टीखाली झाकलेली. माझी चूक काढायची संधी या माणसाने लग्नापासून एकदाही सोडलेली नाही. त्याने कडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ती पट्टी होती तशी परत गुंडाळून टाकली.

पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा टिटवी घेऊन निघालो. नाशिक फाट्यापर्यंत मी ओठ घट्ट मिटून बसले होते. तिथे सुधीरने जीप बाजूला घेतली आणि ते सगळं लटांबर वळवायला सुरुवात केली.

"काय झालं?" मी विचारलं.

"गॅस बघून येऊ," तो म्हणाला.